चौकटीतलं शेणखत

भातखाचरांतून हवेत किती मिथेन जातो, याचा अंदाज सांगणारी मॉडेलं असतात. तो अंदाज किती चुकू शकतो, हे काढणं म्हणजे माझी पीएच.डी. त्यासाठी गेल्या पावसाळ्यात तळेघरच्या बाजूच्या एका वाडीत, पाच घरांच्या खाचरांत मी एकेक लोखंडी चौकट रोवली होती. आठवड्यातून एकदा जायचं, चौकटीवर पारदर्शक डबा पालथा ठेवायचा, आत साठलेली हवा सिरिंजने काढून छोट्या बाटल्यांत भरायची. मी निरगुडसरची, म्हणजे तालुका एकच. पण शिकले इंग्रजी शाळेत, आणि मुळात बोलायला बुजते. पहिल्या दिवशी ‘अभ्यासाचं आहे’ एवढंच सांगितलं. कुणी जास्त विचारलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

हंगाम संपला तेव्हा चार खाचरांचे आकडे एकमेकांजवळ होते. तिसऱ्याचे जवळजवळ दुप्पट.

“आउटलायर आहे, एकटाच भरकटलाय, काढून टाक,” माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले. “अंदाजाची रेंज आटोपशीर होईल. प्रबंधाचं प्रकरण महिनाअखेर द्यायचंय.”

“काढायला कारण लागेल, सर.”

“डबा गळत असेल. तसं लिही.”

गळका डबा आकडा कमी दाखवतो, जास्त नाही. हे मी मनात म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एसटीने तळेघर गाठलं आणि पुढे वाडीपर्यंत चालत गेले.

तिसरं खाचर ज्यांचं, त्या मावशी अंगणात भात उफणत होत्या. काका पेंढ्या बांधत होते. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, तरी मला विचारायला जमेना. शेवटी म्हटलं, “मावशी, माझ्या चौकटीत काही घातलं होतं का?”

“घातलं की. शेणखत. तुज्या तुकड्यातला भात रोड दिसत व्हता. म्हनलं, पोरीचे मार्क जायाचे.”

“मला इचारा,” काका पेंढीला गाठ मारत म्हणाले. “माज्या खाचराला इतकं शेण कधी मिळालं न्हाई. पावणीच्या चौकटीत मातुर दर पंधरा दिसाला.”

“तुमी गप बसा. तुमच्या खाचराची परीक्षा न्हाई.”

मला हसू आलं. मग मी विचारलं, “बाकीच्या घरांनी?”

“समद्यांनीच. कुनी मूठ, कुनी ओंजळ. पावण्याचा तुकडा तसाच कसा ठेवायचा? आमचा हात जरा सढळ.”

मी एका खाचरातली चूक शोधायला आले होते. चार घरांचे आकडे जवळ होते, कारण चौघांनी पाहुणचार साधारण सारखा केला होता. सरांचं ऐकलं असतं, तर चुकीच्या आकड्याभोवती एक छान अरुंद रेंज मिळाली असती, आणि ती कुणाला खटकलीही नसती.

मग मी मावशींना सांगितलं. भिजलेल्या खाचरात शेण कुजलं की गॅस वाढतो, आणि मला रोजच्यासारखंच खाचर हवं होतं, भात कसाही येवो. अडखळत, चुकीचे शब्द वापरत, पण सगळं सांगितलं. त्या सूप मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

“मंग पैलंच का न्हाई बोलली?” त्यांनी विचारलं. रागावून नाही, खरंच कळेना म्हणून.



तळेघरच्या थांब्यावर मोबाइलला रेंज आली तेव्हा सरांना फोन लावला. “सर, पाचही खाचरं काढावी लागतील.”

“एक वर्ष जाईल, कळतंय ना?”

“हो.”

“आणि कारण काय लिहिणार?”

“शेतकऱ्यांना डबा कशासाठी आहे ते सांगितलं नव्हतं, असं.”

“कुणी?”

“मी,” मी म्हटलं.