गजावरची खूण

गोटीराम मढवी बी.कॉम., कंपनीत हेडक्लार्क, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मिठाच्या डब्यावरसुद्धा 'मीठ' अशी टाईप केलेली चिठ्ठी लावणारा माणूस. तेव्हा घणसोली गावातल्या त्यांच्या घरी, भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीशेजारी सात नियमांचा कागद असणारच. पहिला नियम : नळी नेहमी शेताकडे.

बंदूक वडलांची, भातात घुसणारी डुकरं हाकायची. बारा वर्षांपूर्वी ते गेले आणि परवाना गोटीरामांच्या नावावर झाला. पुढे डुकरं गेली, शेतही गेलं. गोटीरामांनी बंदूक एकदाही उडवली नाही. तरी अपघात झाला नाही याचं श्रेय त्यांनी त्या कागदालाच दिलं.

नव्व्याण्णवच्या निवडणुकीआधी नोटीस आली : बंदूक रिकामी करून पोलीस ठाण्यात जमा करा. रविवारी गोटीराम इस्त्रीचा शर्ट घालून कामाला बसले.

"घोड्याखाली टोपी नाही, म्हणजे रिकामीच," त्यांनी मुलीला, उन्नतीला समजावलं. "तरी खात्रीला एक टोपी फोडतो. नुसता फट् आवाज येईल."

"पप्पा, नक्की ना?"

"टेन्शन नको. नियमाप्रमाणे चाललंय."

त्यांनी ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवली, घोडा मागे ओढला आणि खिडकीतून नळी शेताकडे धरली. शेतावर चार वर्षांपासून सात मजली इमारत उभी होती. दुसऱ्या मजल्यावर राहणारी नूरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"काका, कबुतरांचा पण बंदोबस्त करा!" ती हसून ओरडली.

"रिकामी आहे गं!"

"अवो, थांबा!" पिठाच्या हातांनी गोजरा, त्यांची बायको, धावत आली. "गज टाकून बगलाव का?"

"गजाचा नियम नाही."

"नियम घाला चुलीत. नली वर करा. घोडा घट्ट धरा, टोपी मी कारते."

टोपी निघाली. गोजरानं नळीखालचा लोखंडी गज उपसून नळीत सोडला. गजावर सासऱ्यांनी कानशीनं घासलेली खूण होती. नळी रिकामी असली की ती बरोबर तोंडाशी यायची. आता खूण चार बोटं वर राहिली.

"दारू नि छर्रे आत हायत. सासऱ्यांनी भरलेली."

"तुला कसं ठाऊक?"

"त्यांच्यासंगं शेतातल्या माळ्यावर राखन मी करत होते. तुमी कालेजात होताव."

गोटीरामांनी खिडकीतून पाहिलं. समोर नूरी शेवटची चादर झटकत होती. त्या बंदुकीखाली बारा वर्षं उन्नतीचं अभ्यासाचं टेबल होतं, आणि टेबलावर 'टेबल' अशी चिठ्ठी.

गोजरानं नळीत पाणी ओतलं, दिवसभर मुरू दिलं आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून सगळा काळा लगदा ओढून काढला. त्यात गोटीरामांचं काम एकच : खाली पेपर धरणं. तोही त्यांनी उलटा धरला.

सोमवारी ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मढवीसाहेब, रिकामी आहे ना?"

गोटीरामांचा हात सवयीनं खिशात घडी करून आणलेल्या सात नियमांच्या कागदाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"एक मिनिट," ते म्हणाले, "मिसेस बाहेर रिक्षात बसल्यात. बोलावतो."