वरच्या मजल्यावरचे कुर्ल्यांचे काका

खेकडा पाहून ज्याला भुकेआधी काळजी लागते असा मालवणी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नव्वदच्या दशकात आम्ही बेंगळुरात हेब्बाळला भाड्याने राहत होतो, तेव्हा हे काका आमच्या वरच्या मजल्यावर असायचे. सडेफटिंग माणूस, सरकारी प्रयोगशाळेत जिवाणूंचा अभ्यास करायचा. बेंगळुरात समुद्र नाही, ही त्यांच्या लेखी क्षुल्लक अडचण होती. मंगळूरच्या बसने बर्फाच्या डब्यातून त्यांचे खेकडे यायचे आणि जिन्यात असा वास सुटायचा की तीन पिढ्या इथेच मुरलेल्या आमच्या घरमालकीण अक्का नाकाला पदर लावून कन्नडमिश्रित मराठीत ओरडायच्या, "स्वल्प लवकर न्या हो ते!"

परदेशी जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरतात, आपल्या बंदरात ते ओततात आणि त्यातून परके खेकडे इकडे येऊन घर करतात, हे काकांनी मला गॅसच्या रांगेत आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला, दोन्हीकडे ऐकवलं होतं. "पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही," ते म्हणायचे, "हा कल्ल्यांत तिकडचे जिवाणू घेऊन येतो." मग आपले खेकडे सोवळे का, असं मी चिडवलं, तर म्हणाले, "छे! म्हणून तर नीट शिजवा म्हणतो."

माझी बायकोही मालवणचीच. तिच्या माहेरी कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, बारीक पाय वाटून, गाळून तो रस कालवणात शेवटी घालतात आणि एक कढ येताच भांडं उतरवतात. जेवायला बोलावलेले काका मनगटावरचं घड्याळ बघत ओट्यापाशी उभे राहायचे.

"पोरी, अजून दहा मिनिटं उकळू दे."

"रस फाटेल ना, काका! आईने जन्मभर असंच केलं, कोण मेलं?"

काका कालवणाला हात न लावता सोलकढी-भात जेवून वर जायचे. त्यांच्याकडे बघून आम्ही हसायचो, हे आता सांगायला लाज वाटते.

एका रविवारी कुर्ल्या साफ करताना बायकोच्या बोटात नांगीचा काटा घुसला. तिने हळद दाबली. दुपारपर्यंत हात मनगटाच्या वर सुजला, अंग तापाने फणफणलं. मी गोळी शोधत होतो तोवर काकांनी हात पाहिला आणि अनवाणीच धावत जाऊन रिक्षा आणली. "अण्णा, स्वल्प बेगा!" जरा लवकर, असं ते रिक्षावाल्याला वाटभर विनवत होते. दवाखान्यातला तरुण डॉक्टर पट्टी बांधून आम्हाला घरी पाठवत होता. एरवी मुंगीलाही वाट देणारे काका तिथे कडाडले, "समुद्राच्या खेकड्याचा काटा लागलाय! तसं कागदावर लिहा आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवा!"

मोठे डॉक्टर आले, समुद्री जिवाणूंवरचं औषध चालू झालं. रात्र गेली असती तर हात वाचला नसता, असं त्यांनी मागाहून सांगितलं. मी बाहेर आलो तेव्हा काका बाकावर बसून डोळे पुसत होते. "माझं कोणी ऐकत नाही रे," एवढंच म्हणाले.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. परवा त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं, काका गेल्याचं. रविवारी बायकोने कुर्ल्या आणल्या. कढ आला, रस फाटायला लागला, आणि मी गॅस बंद करायला हात पुढे केला. तिने तो धरला. तिच्या बोटावरचा जुना व्रण माझ्या हाताला लागला.

"थांबा," भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती म्हणाली, "काकांची दहा मिनिटं व्हायचीत अजून."