राबात पुरलेला इंजेक्शनचा डबा

माझ्या आईने नवऱ्याचे हात जाळले, असं आमच्या कडाव गावात चाळीस वर्षं बोललं गेलं.

आई आज सकाळी गेली. आता मी खरं लिहिते.

बाबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या गुडघ्यात छर्रे घुसले होते. बऱ्याच वर्षांनी ऑपरेशन करून तो गुडघा काढला आणि नवा बसवला.

गुडघा बदलतात हे गावात कुणाला पटेना. लोक बघायला यायचे, बाबा हौसेने लेंगा वर करून दाखवायचे.

दुखणं मात्र थांबलं नाही. ऑपरेशननंतर सुरू झालेलं पेथिडीनचं, दुखणं मारणारं गुंगीचं इंजेक्शन घरीही चालूच राहिलं. एक कंपाउंडर चोरून आणून द्यायचा.

टोचायचे मी. अकरावीत होते.

काचेची सिरिंज चहाच्या पातेल्यात उकळायची, औषधाची काचेची अँप्युल फोडायची, बाबांच्या दंडात सुई. आधी दिवसाला एक, वर्षभरात चार.

आम्हाला वाटायचं, औषधच तर आहे. नवरा दारूला शिवत नाही म्हणून बायका आईला नशीबवान म्हणायच्या.

इंजेक्शनला उशीर झाला की बाबा ओळखू यायचे नाहीत. एकदा तांब्या फेकला, आईच्या कपाळाला चार टाके पडले. एकदा केसाला धरून तिला गोठ्यापर्यंत फरपटत नेलं. ऑपरेशनआधी याच माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता.

नंतर स्वतःच तिच्या जखमेला हळद लावत रडायचे. मला दोघांचाही राग यायचा.

त्या उन्हाळ्यात आईने ठरवलं.

भाताचं रोप करायच्या जागेवर आम्ही शेण, पातेरा, गवत आणि वर माती रचून जाळतो, तो राब. आईने इंजेक्शनचा अख्खा डबा राबाच्या पोटात पुरला. सकाळी वारा पडलेला बघून एका कडेने पेटवून दिला.

"शैले, त्यांना सांगू नको हां. दोन दिस बोंबलतील, मग निवतील. नायतर एक दिस मला तरी मारतील, नायतर सोता तरी मरतील."

मी घरी आले तर बाबा डबा शोधत होते. फडताळ पाडलेलं, कणगी उलटी केलेली. हातात विळा.

"कुठं हाय? सांग, नायतर तुझ्या आयेला चिरतो!"

विळ्याला घाबरून सांगितलं, असं लिहिणं सोपं होतं. पण ते खोटं आहे.

विळा त्यांच्याच हातातून गळून पडला. माझ्या पायाशी बसून म्हणाले, "पोरी, मला नाय सोसवत गं."

म्हणून मी सांगितलं. "राबात हाय."

बाबा काठी घेऊन राबाकडे पळाले, मी मागोमाग. त्या गुडघ्याने पळताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आई आडवी आली. तोंडावर काठी बसली, दोन दात तिथेच पडले.

मग त्यांनी धुमसत्या राबात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. आत अँप्युल फटाफट फुटत होत्या. बाबा उपसत राहिले. तोंडातून रक्त गळत असताना आई त्यांना कमरेला धरून मागे ओढत होती.

मी बांधावर नुसती उभी होते.

भाजलेले हात दुखू नयेत म्हणून दवाखान्यात काय दिलं असेल?

तेच इंजेक्शन. बाबा लगेच शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आईला अंगणात उभं केलं. "डबा राबात हाय, ह्ये दादाला कुनी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला.

"मीच सांगितलं. राब पेटल्यावर सांगितलं."

काकांनी तिच्या त्याच सुजलेल्या तोंडावर मारलं.

सगळे पांगल्यावर तिथेच मी विचारलं, "का गं खोटं बोललीस?"

"तुझं लगीन व्हायचंय. माझं झालंय."

बाबा पुढे तीन वर्षं जगले. पंजे आखडलेले. घास आईच भरवायची. मी परत सुई हातात धरली नाही.

माझं लग्न झालं, मुलं झाली. दर दिवाळीला मी म्हणायचे, आता सांगते सगळ्यांना. आई म्हणायची, "गप ऱ्हा गं, आता कुनाला काय त्याचं."

मला आहे त्याचं.

कडावातल्यांनो, नीट वाचा. सांगणारी मी होते. ती फक्त मागे ओढत होती.

आई, उशीर केला मी. सुखाने जा.