ईश्वरीची पँट आटली तेव्हा

“ही पँट चालणार नाही. मुलीला बाहेर घ्या.”

रेफरीने वाकून माझ्या नातीच्या नडगीवर बोटं ठेवली, माप घेतलं आणि मान हलवली. कराटेत नियम आहे. पँटने नडगीचे तीनपैकी दोन भाग झाकले पाहिजेत. ईश्वरीची जेमतेम अर्धी झाकत होती. माइकवर तिचं नाव पुकारून झालं होतं. समोरची मुलगी मॅटच्या कडेला उड्या मारत उभी होती.

ती पँट मीच शिवलेली.

मी चौथी शिकले. अडतीस वर्षं कोल्हापुरात शिलाई करते. ईश्वरीच्या क्लासमधल्या निम्म्या पोरांचे ड्रेस माझ्या मशीनवर झालेत. एकही परत आला नव्हता.

“पावणं, आजच्या दिवस चालवून घ्या की. लहान पोरगी हाय,” मी म्हणाले.

“आजी, इथं सगळ्याच लहान आहेत. तीन मिनिटं देतो. दुसरी पँट असेल तर घाला. नसेल तर समोरचीला पुढं पाठवतो.”

दुसरी पँट नव्हती. जुनी तर गुडघ्याला आली होती. क्लासच्या बाकीच्या मुली हिच्या खांद्याला लागत नव्हत्या, त्यांची काय घालणार? ईश्वरीने इलॅस्टिक धरून पँट खाली ओढली. हात सोडला की परत वर.

“आज्जे, सगळी हसायल्यात. मी घरला जातो.”

“गप उभी ऱ्हा.”

“आणि परत हितं येणार न्हाई मी. आधीच सांगतो.”

ते मला खरं वाटलं. गेल्या वर्षी फाईट खेळताना ती डाव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. क्लासला जायला ती आठ महिने तयार नव्हती. कुणी विषय काढला की पांघरूण घेऊन झोपायची. शेवटी मार्चमध्ये स्वतःच माझ्या मशीनपाशी आली आणि म्हणाली, “आज्जे, नवा ड्रेस शिवतीस?” मी टेप घेतली.

मग आमची सगळी सुट्टी तिच्या मागे गेली. मुलगा तिला पहाटे कळंब्याच्या तलावावर पळायला न्यायचा. सून सुनीता जेवणं उरकली की उशी छातीशी धरून तिच्या बुक्क्या खायची. आमच्याकडे उन्हाळ्यात शेवया असतात, त्याही यंदा पोरीच्या उड्यांतून वाचवत वाळवाव्या लागल्या. एका रविवारी नृसिंहवाडीला गेलो, तर पोरगी घाटावर किका मारायला लागली. माणसं थांबून बघायला लागली. मी म्हणाले, “आधी देवाला नमस्कार कर, मग त्याला लाथा दाखव.”

या सगळ्यात माझी चूक झाली.

जाड सुती कापड आटतं. म्हणून कात्री लावायच्या आधी ते रात्रभर पाण्यात ठेवायचं, वाळवायचं, मग कापायचं. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक बाईला मी हे पहिल्या दिवशी सांगते. पण लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. घरचंच काम, म्हणून कोरं कापड तसंच कापलं. अंगावर घालून बघितलं तेव्हा अगदी बरोबर बसलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी आणखी शहाणपण केलं. ड्रेस कडक असला की बुक्की मारताना फट् असा आवाज येतो, पोरांना तो आवडतो. म्हणून साबुदाण्याची गरम खळ केली आणि अख्खा ड्रेस त्यात बुडवला. सकाळी इस्त्री करून पिशवीत घातला. अंगावर चढला तो थेट हॉलमध्ये. बाह्याही आखडल्या होत्या, पण नियमात बसल्या. पँट चार बोटं वर गेली होती.

“आत्ती, आता काय करायचं?” सुनीताने विचारलं.

“पिन दे तुझ्या पदराची.”

वाढत्या पोराच्या पँटला मी खाली कापड आत दुमडून ठेवते. पाच बोटं. पोर उंच झालं की टीप उसवायची, पँट लांब. तेवढं एक मी या वेळी विसरले नव्हते. पण टीप डबल घातली होती, आणि मी घातलेली टीप सहजी निघत नाही. त्या दिवशी मला माझ्याच कामाचा राग आला.

मी फरशीवर बसले. ईश्वरीचा पाय मांडीवर घेतला. पिनेने एक टाका उचलायचा, दात लावून तोडायचा, मग दोरा ओढायचा. पहिल्या पायाला दोन मिनिटं गेली.

“आज्जे, पाय सोड. ऱ्हाऊ दे.”

“हललीस तर पिन घुसंल.”

दुसऱ्या पायाला मी दोरा शोधत बसले नाही. पिनेने टीप मध्ये तोडली आणि दोन्ही हातांनी कापड फाडल्यासारखं ओढलं. रेफरी समोर येऊन उभा राहिला होता. हातात घड्याळ.

“झालं?”

“मापा.”

त्याने बोटं ठेवली. पँटच्या खालच्या कडेला दोरे लोंबत होते, खळीची पांढरी रेघ उठली होती.

“कुणी शिवली ही?”

“मी.”

“बरी दिसत नाही, आजी.”

“नियमात हाय का न्हाई तेवढं सांगा.”

“आहे,” तो म्हणाला आणि ईश्वरीला मॅटकडे पाठवलं.

पहिली फाईट ती जिंकली. कशी ते मला सांगता येणार नाही, मला त्यातले गुण कळत नाहीत. सुनीता माझा दंड धरून किंचाळत होती, त्यावरून समजलं.

आता घरचं कापड असलं तरी मी आधी बादलीत बुडवते. घरचं माणूस तक्रार करत नाही, म्हणून तिथंच आपण काम कच्चं सोडतो.

दुसरी फाईट ती हरली. त्यात मध्येच पाय घसरून ती त्याच डाव्या हातावर पडली. हॉलमध्ये आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. तिने बसल्या जागी मनगट फिरवून बघितलं, मग उठून परत जागेवर गेली.

हात मोडला नव्हता.