कातर लावायची नाही

लोणावळ्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी "मावळात हे जमायचं नाही" असं म्हटलं नसतं, तर मी आमच्या कुत्रीला दर दोन महिन्यांनी निमूटपणे भादरून आणलं असतं. पण कुणी मला जमायचं नाही म्हणालं की माझं डोकं फिरतं. पस्तीस वर्षं मी शाळेत शिवण शिकवलं. सुईत दोरा न ओवता येणाऱ्या मुलींकडून काश्मिरी टाक्याचे रुमाल करून घेतले. आणि हे मला सांगणार! चार महिने पाऊस, भिंतीला बुरशी, दांडीवरचे कपडे आठवडाभर ओले, आणि तुम्ही कुत्रीचे केस जमिनीपर्यंत वाढवणार? असं म्हणून डॉक्टर हसले. मी पिशवी उचलली आणि तरातरा मळवलीला घरी आले.

"वाढवूनच दाखवते," मी नवऱ्याला म्हटलं.

"कुणाला? कुत्रीला?" ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना माझ्यावर शेरे मारणं एवढंच काम उरलं आहे.

ही कुत्री मुळात आमची नव्हेच. मुलीनं पुण्याहून आणून "आठ दिवस ठेवा" म्हणून ठेवली आणि त्या आठ दिवसांना आता दोन वर्षं होऊन गेली. शित्झू जातीची, उशीएवढी, नाक दारावर आपटल्यासारखं चपटं. तिचं नाव इथं सांगत नाही, कारण नावानं हाक मारल्यावर ती एकदाही आलेली नाही.

छोट्या कुत्र्याचे केस वाढवणं हे काही काम नाही, ते आपले वाढतातच. काम असतं गुंता होऊ न देण्याचं. दहाव्या महिन्यात तिचे पिल्लाचे मऊ केस जायला आणि मोठेपणीचे दाट केस यायला एकच गाठ पडली. जुने केस नव्या केसांत अडकून बसले आणि रोज सकाळी नवा गुंता. मी हुशारी करून तिला गुंत्यासकट आंघोळ घातली. वाळल्यावर पोटाखाली बघते तर घोंगडं! तेवढं कापावंच लागलं. "अर्धी मेंढी, अर्धी कुत्री," असा शेरा आला. तेव्हापासून कानाला खडा: आधी कोरडा गुंता सोडवायचा, मगच पाणी.

मग मला त्याची गोडी लागली. पाण्यात थोडं कंडिशनर घालून फवारायचं, केसांचे थर करायचे, खाली कातडी दिसली पाहिजे, आणि स्टीलचा कंगवा टोकापासून वर वर नेत जायचा. मुळाशी हात घालून ओढायचं नाही. भरतकामाच्या दोऱ्यावर मी मुलींना हेच तर शिकवत आले होते. आंघोळीनंतर केसांच्या बटा करून त्या कागदात गुंडाळायच्या आणि वर रबर लावायचं, म्हणजे केस घासून तुटत नाहीत. कागद मी चिक्कीच्या दुकानातून आणायचे, बटर पेपर. अशा सोळा पुड्या अंगावर घेऊन ती फाटकाशी बसली की स्टेशनवरून डोंगराकडे चाललेली पुण्या-मुंबईची पोरं थांबायची. "आंटी, इसको क्या हुआ?" आमचे हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "औषध चालू आहे."

कंगवा फिरवताना तिचं डोकं धरायला मावशी असायच्या. मावशी कार्ल्याकडून येतात, आमच्याकडची धुणीभांडी करतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मावशींच्या डोक्यात जट होती. मानेपासून खाली मनगटाएवढी जाड, पदराखाली गुंडाळून बांधलेली. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं फणफणून दवाखान्यात पडला होता. मावशी त्याच्या उशाशी बसून राहिल्या. केसांना ना तेल, ना फणी. मुलगा बरा होऊन घरी आला तेव्हा मावशींच्या केसांचा एकच लगदा झालेला. शेजारणी म्हणाल्या, देवी आली, तिनंच पोराला वाचवलं. हळदकुंकू लागलं आणि जट राहिली. आता ती काढली तर पोराचं काय होईल, ही भीती.

त्या वजनानं मावशींची मान कायम एका बाजूला. भांडी घासता घासता त्या मध्येच थांबून मानेला हात लावायच्या. मला बघवायचं नाही. एकदा मी न राहवून चांगलं तासभर व्याख्यान झोडलं: देवी कुठली, हा निव्वळ गुंता आहे, चला, आत्ता कापते. मावशींनी उरलेली भांडी घासली, पदर आवळला आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस आल्याच नाहीत. नवव्या दिवशी आल्या तेव्हा मी तो विषय परत काढायचा नाही असं ठरवून टाकलं. मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

गेल्या जुलैत यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि आम्ही बारा दिवस पुण्याला मुलीकडे राहिलो. कुत्री मावशींच्या घरी. कंगवा दिला, फवारा दिला, सगळं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पण ते दिवस भाताच्या लावणीचे. सकाळी सगळं घर शेतात, आणि आमच्या बाईसाहेब पण चिखलात. कंगव्याला वेळ कुणाला होता?

आम्ही परत आलो तर मावशी कुत्रीला कडेवर घेऊन फाटकात उभ्या. चेहरा उतरलेला.

"बाई, रागावू नका. हिला आली."

"काय आली?"

"जट."

बघते तर उजव्या कानामागे मुठीएवढा गोळा, आणि त्यावर व्यवस्थित हळदकुंकू वाहिलेलं! आमचे हे डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले, एवढे हसले, एवढे हसले, की मला टाके तुटायची धास्ती पडली. मी त्यांना आत पिटाळलं. मलाही हसू फुटलंच होतं, रागही आला होता. कात्री आणायला मी खण उघडला तर मावशींनी माझा हात धरला.

"कातर लावू नका, बाई. जो कापतो त्याच्यावर येतं. तुमचं लय केलंय मी, माजं यवढं ऐका."

मी खण लावून टाकला. आठ दिवसांची रिकामी सकाळ आठवली. "नाही लावत कातर," मी म्हटलं. "सोडवून बघते."

पाच दुपारी गेल्या त्यात. गोळ्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, बोटांनी एकेक धागा मोकळा करायचा, मग कंगव्याचं शेवटचं टोक. कुत्री मांडीवर घोरायची. मावशी समोर बसून असं बघायच्या, जणू आता काहीतरी कडाडून पडणार आहे. पाचव्या दिवशी गोळा सुटला आणि आतून निघालं गवताचं एक काटेरी बी. मावशींनी ते तळहातावर घेतलं. बोटानं उलटंपालटं केलं.

"ह्याच्याभवती झालता व्हय सगळा गुंता?"

"हो."

"मंग देवी?"

कुणी विचारलं नसताना व्याख्यान देणारी मी, विचारल्यावर गप्प बसले. मावशींनीच उत्तर काढलं. "गेली असंल. कुनी कापली न्हाई, वढली न्हाई. आपल्या पायानं गेली."

गणपती उठले आणि एक दिवस भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून, त्या म्हणाल्या, "बाई, मानसाची सुटती का वो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मला माहीत नाही, मावशी. चार वर्षांची आहे. प्रयत्न करू."

"कातर लावायची न्हाई."

"नाही लावायची."

"कापली तर मी कापली. सुटली तर देवीनं सोडली." त्या वळल्या आणि पदरानं हात पुसत हसल्या. "कुत्रीवर हात बसलाय तुमचा. आता माज्यावर बसवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खरं सांगते. पण त्यांना त्यात काही वाटलेलं नव्हतं. त्यांनी मुलालाही विचारलं होतं. तो म्हणाला, आई, मी तर कधीची वाट बघतोय.

दुपारी तीनला आम्ही व्हरांड्यात बसायचो. पण आधी फोन. मुलगा लोणावळा-खंडाळ्याला पाहुण्यांची गाडी चालवतो. "बरा हाईस ना?" मावशी विचारायच्या. "अगं आई, मी गाडी चालवतोय!" "मंग उचलला कशाला मुडद्या?" एवढं झालं की त्या फोन ठेवून मान पुढे करायच्या, आणि मग मी हात लावायचा. आधी खोबरेल, मग कंडिशनर, मग माझी क्रोशाची सुई. आठवड्यात सुटायची जेमतेम बोटभर. मावशी तेवढ्या वेळात कुत्रीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरायच्या. मी मावशींच्या मागे, मावशी कुत्रीच्या मागे. "इंजिन, डबा आणि गार्ड," हे म्हणाले. "गार्डाला चहा नाही का?" मी म्हटलं. मग चहा यायला लागला.

एक दिवस फोन उचलला गेला नाही. जट अर्ध्याच्या वर सुटलेली होती. मावशींनी पुन्हा लावला, परत लावला. मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि सुटलेले केस पिळून पिळून परत बांधायला लागल्या. "चुकले मी. म्या पोराचा घास दिला." त्यांचा आवाज ऐकून कुत्रीसुद्धा मांडीवरून उतरली. मी, जी कशावर विश्वास ठेवत नाही, तीही फोनकडे बघत बसले, आणि मनात कुणाला तरी म्हणत होते की एवढं करू नकोस. कुणाला ते विचारू नका. अर्ध्या तासानं फोन वाजला. घाटात गाड्यांची रांग लागली होती आणि रेंज नव्हती, बस्स. मावशींनी त्याला अशा शिव्या घातल्या की आमचे हे आतून टाळ्या वाजवायला लागले. मग डोळे पुसले, केस सोडले, मान पुढे केली. "घ्या बाई. व्हऊ द्या."

शेवटची गाठ दिवाळीनंतर सुटली, मानेला अगदी लागून असलेली. तोवर कुत्रीचे केस पार जमिनीला टेकले होते, पण ते डॉक्टरांना दाखवायला न्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मावशींचे निम्मे केस मेलेले होते, ते कंगव्यात आले. उरले ते विरळ, कमरेपर्यंत, बरेच पांढरे. मी गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, पंच्यानं पुसलं. मावशींनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. वर छताकडे बघितलं.

मग म्हणाल्या, "बाई, जरा हितं पडू का? चार वर्सं झाली, उतानी झोपले न्हाई. टोचायची."

मी चटई टाकली. त्या पाठीवर आडव्या झाल्या, केस डोक्यामागे पसरलेले, आणि "पाचच मिनिटं" म्हणता म्हणता झोपल्या. घोरायलाही लागल्या. कुत्री शेजारी जाऊन पडली. मी पायरीवर बसून राहिले आणि मला रडू यायला लागलं, ते मी येऊ दिलं.

पाचच्या सुमारास त्यांचा मुलगा न्यायला आला. गाडी बंद करून फाटकातून आत येता येता त्यानं आईला पाहिलं आणि तो होता तिथंच थांबला. पठ्ठ्या सहा फुटांचा आहे. मी उठले, म्हटलं, "उठवते हं."

"नको नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. बूट हातात घेऊन, पाय न वाजवता, तो पायरीवर येऊन बसला. "झोपू द्या, बाई. माज्यापायी लय जागली ती."

त्याच्यासाठी चहा टाकायला मी आत गेले. पण भांडं वाजेल म्हणून ओट्याशी तशीच उभी राहिले.