सगळ्यांच्या सोयीची जागा

माझी भाची विद्यापीठात शिकायला म्हणून माझ्याकडे राहायला आली. ती काय शिकते असं कुणी विचारलं की मी 'अर्थशास्त्र' एवढं सांगून गप्प बसायचे. प्रादेशिक आणि नागरी अर्थशास्त्र असं पूर्ण नाव घेतलं की समोरच्याला जांभई यायची. शेजारच्या काकांनी तर पहिल्याच आठवड्यात तिला गाठलं आणि कुठले शेअर घेऊ म्हणून विचारलं.

ती म्हणाली, "काका, आमच्यात शेअर नसतात. माणसं कुठे राहतात, कामाला कुठे जातात, दुकान अमुकच ठिकाणी का निघतं, ते शिकतो आम्ही."

"त्यात शिकायचं काय? परवडेल तिथे राहतात," म्हणून काका निघून गेले. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

पण होती भारी चिवट. बसथांब्यापासून घर, घरापासून वाणी, सगळं चालून मोजायची. रस्त्यात भलत्याच माणसाला थांबवून विचारायची, जवळचं दुकान सोडून तुम्ही इतक्या लांब का येता हो? एकदा एक न्हावी तिच्यावर असा खवळला की मला मध्ये पडावं लागलं. त्याला वाटलं, ही त्याची गिऱ्हाइकं फोडायला आलीय. मी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. माझ्या पाळणाघरातली पोरं तिला मोजताई म्हणायला लागली, आणि बाईसाहेबांना त्याचं कौतुकच वाटायचं.

हो, पाळणाघर माझं. भाड्याच्या दोन खोल्या, डझनभर पोरं, मदतीला एक बाई. मोजपट्टी दुसऱ्या वर्षाला गेली आणि घरमालकानं सांगितलं, मुलाला जागा हवीय, उन्हाळ्याच्या आत खोल्या सोडा. पाळणाघर हलवणं म्हणजे काही कपाट सरकवणं नव्हे. सकाळी आया घाईत असतात. जागा आडवळणाला पडली तर महिन्याभरात पोरं गळतात आणि मी घरी बसते.

दोन जागा बघून ठेवल्या होत्या. एक आमच्याच गल्लीच्या मागे, शांत, पुढे थोडं अंगण. दुसरी पार बसडेपोजवळ, झेरॉक्सच्या दुकानामागे. मी डोळे झाकून अंगणाची जागा घेणार होते.

"मावशी, थांब जरा," मोजपट्टी म्हणाली. "मला प्रबंधाला विषय हवाच आहे. तुझी जागा मी काढून देते."

झालं. ती रोज सकाळी एकेका घरी जाऊन दारात उभी राहायला लागली. आई नाहीतर बाप पोराला घेऊन निघाले की ही त्यांच्या सोबत आमच्यापर्यंत, आणि मग त्यांच्या कामाच्या ठिकाणापर्यंत. एक बाप मला म्हणाला, तुमची भाची पोलिसात आहे का? दुपारी पोरं झोपली की ती जमिनीवर नकाशा पसरायची आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं त्यावर मांडायची. घरांना काळी बटणं, कामाच्या जागांना पांढरी.

"हे बघ. सगळे आधी उलटे तुझ्याकडे येतात आणि मग धावत डेपोकडे जातात," ती म्हणाली. "पाळणाघर घराच्या जवळ नको, जायच्या वाटेवर हवं. डेपोच घे."

"आणि तो आवाज? नकाशावरच्या पोरांना लागत असेल झोप. माझी जिवंत आहेत."

दुसऱ्या दिवशी ही किल्ली मागून घेऊन भर दुपारी त्या खोलीत चटई टाकून झोपून आली. गालावर चटईच्या रेघा घेऊनच परतली. आता अशा पोरीशी काय वाद घालायचा?

काळ्या-पांढऱ्या बटणांची फक्त एक जोडी नकाशावर बाजूला पडली होती. ते घर आमच्या पाळणाघरातल्या पिटुकलीचं. तिची आई इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. ते गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, आणि पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची. बाप परगावी, आला तर आला. त्यामुळे पिटुकलीला आजोबा आणायचे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नात. त्यांचा गुडघा कामातून गेलेला. आमची गल्ली त्यांना जवळ होती म्हणून जमायचं. सुनेची नोकरी खरं म्हणजे म्हाताऱ्याच्या त्या गुडघ्यावर चालली होती, आणि डेपो हमरस्त्याच्या पलीकडे.

"एवढं एक घर सोडलं तर बाकी सगळ्यांची पायपीट निम्म्यावर येते," मोजपट्टी म्हणाली. "सगळ्यांची मिळून बघायची असते, मावशी. आम्हाला तसंच शिकवतात."

"येतील आजोबा हळूहळू," मी म्हणाले. मलाही माझं पाळणाघर चालवायचं होतं.

डेपोजवळ गेलो आणि पोरीचं गणित अगदी तंतोतंत उतरलं. आया पोराला माझ्या हातात द्यायच्या आणि समोरची बस पकडायच्या. कधी नव्हे ते सकाळी हसून बोलायच्या. नव्या चौकशा यायला लागल्या. मी येईल त्याला सांगत सुटले, आमच्या भाचीनं जागा काढून दिली बरं का, विद्यापीठात असते.

आजोबा सुरुवातीला आले. पिटुकलीला आत सोडलं की आमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहायचे आणि मग परत फिरायचे. पुढे त्यांना उशीर व्हायला लागला. एक दिवस रस्ता ओलांडताना पाय मुरगळला, गुडघा टम्म सुजला, आणि ते यायचे थांबले.

संध्याकाळी पिटुकलीची आई आली, कामावरून तशीच. "सासऱ्यांना आता नाही झेपायचं. आज मी उशिरा गेले. सुपरवायझर म्हणाला, रोज असंच होणार असेल तर दुसरी बाई बघतो."

मोजपट्टी पटकन म्हणाली, "मी आणीन तिला."

आणि आणलं हो. कित्येक दिवस रोज सकाळी पिटुकलीला कडेवर घेऊन तो रस्ता तुडवला. पण तिचा पहिला तास नेमका त्याच वेळेला. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी बजावलं. मी डझनभर पोरं टाकून जाऊ शकत नव्हते, मदतीची बाई स्वतःच लांबून यायची. बाकीच्या आईबापांना विचारलं, जाता जाता हिला घेऊन याल का? नाही कुणीच म्हणालं नाही, आणि हो पण कुणी म्हणालं नाही. दुसऱ्याच्या लेकराची जोखीम कोण घेतो?

शेवटी मी म्हणाले, "मी जाऊन सांगते त्यांना, आता जमणार नाही म्हणून."

"नको. मीच जाते."

परत आल्यावर ती जेवली नाही. मी तर रागानं नुसती जळत होते. भाचीवर, तिच्या सरांवर, त्या सुपरवायझरवर. ओरडायचं कुणावर तेच कळेना, म्हणून मदतीच्या बाईवर ओरडले. ती बिचारी डबे घासत होती.

महिना संपला तेव्हा पिटुकलीच्या आईची नोकरी सुटली.

मोजपट्टीनं प्रबंध लिहिला आणि शेवटचं प्रकरण त्या एका घरावर लिहिलं. सर म्हणाले, काढून टाक, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. हिनं काढलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. घरी आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

"तुमची जागा चुकली, असं म्हणायचंय का?"

"नाही सर. जागा बरोबर आहे."

"मग हे प्रकरण कशाला?"

"सगळ्यांची सोय झाली, आणि ती या एका घराच्या जिवावर झाली. ते कुठे तरी लिहिलेलं असावं, म्हणून."

मार्क बेताचेच पडले. तिच्या बापाचा फोन आला, आता तरी बँकेच्या परीक्षेला बस.

निकालानंतर एका दुपारी पिटुकलीची आई दारात उभी. पिटुकली बोटाला धरलेली. आम्ही दोघी चोरी पकडल्यासारख्या जागच्या जागी.

"पास झालीस ना गं?" तिनं मोजपट्टीला विचारलं.

हिनं नुसती मान हलवली.

"बरं झालं. सासरे घरी बसल्या बसल्या रोज विचारतात, त्या पोरीचं काय झालं म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमची जागा काही आता हलायची नाही. म्हटलं, मग मीच हलते. डेपोच्या बाजूला काम बघतेय. म्हणजे जाता जाता हिला इथे सोडता येईल." आणि परत मोजपट्टीला, "तू इकडे सगळीकडे मोजत फिरलीस ना? बायकांना कुठे घेतात, माहीत असेल तुला."

त्या बाईनं आम्हाला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी पंख्याकडे बघत राहिले. मोजपट्टी तोवर चपला शोधायला लागली होती. डेपोभोवतीचं एकूणएक ठिकाण तिला पाठ. कुठे शिवणकाम चालतं, कुठे माल बांधतात, कुणाचं दार किती वाजता उघडतं. चप्पल पायात सरकवता सरकवताच ती सांगायला लागली. दोघी भर उन्हात निघाल्या, पिटुकलीला माझ्याजवळ सोडून.

मी तिला चटईवर निजवलं. डोळे मिटता मिटता तिनं विचारलं, "आजोबा येणार न्यायला?"

"नाही बाळा. आई येईल."

"मग आजोबांना कोण आणणार?"

मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले.