रॅमच्या दोन पट्ट्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे डहाणू रोडला जाऊन कॉम्प्युटरची रॅम घेतली ते. पुढे तिचं गाणं झालं, मग दवाखाना, मग ती गेली. साधं काही उरलंच नाही.

माझी बायको धवलेरी होती. आमच्याकडे लग्न लावताना जी बाई गाते ती धवलेरी. तिचा एक हट्ट होता, गाणं मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पुतण्याचा तलासरीला डीजेचा धंदा. तो तिचं लग्नाचं गाणं रेकॉर्ड करायला घ्यायचा आणि त्याचं कॉम्प्युटरचं मशीन अर्ध्यात अडकायचं. ती परत सुरुवात करायची. शेवटी म्हणाली, "मी दमत नाही, तुझं यंत्र दमतं. त्याला काय खायला घालायचं ते सांग."

म्हणून मशीन रिक्षात घालून आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानवाला शेठ म्हणाला, "आठ जीबीची एक पट्टी घ्या, नाहीतर चार-चारच्या दोन. जोडीने जास्त पळतात."

"बघ, जोडीने पळतात," ती मला म्हणाली.

"आपण कधी पळालो?"

"तू बसून राहिलास म्हणून."

शेठने जुनी पट्टी काढून पुतण्याच्या हातात दिली. नव्या दोनांतली एक तिला बसवायला दिली. "दोन्ही टोकांचे कान मिटेपर्यंत दाबा, काकी." तिने अंगठ्यांनी दाबली. टक् वाजलं. दुसरी मी बसवली.

मग शेठने एक डबी पुढे केली. "गाणी ठेवायला ही वेगळी हार्ड डिस्क घ्या. मशीनमधलं कधी उडेल, भरवसा नाय."

तिने डबी हातात फिरवून बघितली. पुतण्या म्हणाला, "काकी, माझ्याकडे जागा भरपूर आहे. तुमचं गाणं मी उडवीन का?"

आपण घरच्यावर शंका घेतली, याची तिलाच लाज वाटली. डबी परत ठेवली.

गाणं एकदाही न अडकता पुरं झालं. कानाला हेडफोन लावून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "आता मी मेले तरी हे राहील."

ती गेल्यावर ते ऐकायची माझी छाती झाली नाही. आहे, एवढं पुरे होतं.

पुढच्या साली तलासरीतच एका हळदीला पुतण्याचा डीजे होता. स्पीकरमधून तिचा आवाज आला. एकच ओळ. तुटली, पुन्हा तीच, पुन्हा तुटली, खाली धडाधडा ठोके. पोरं नाचत होती. तुटलेलं गाणं जी बाई कधी पुढे गायली नाही, तिला ह्याने तोडतोडून वाजवलं.

संध्याकाळी त्याला गाठलं. "अख्खं गाणं कुठे आहे?"

"अख्खं कोण ऐकतंय, काका? जागा कमी पडत होती. चांगले तुकडे ठेवले, बाकी काढून टाकलं."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही कधी मागितलंच नाही."

"ठेवायला दिलेलं रोज मागत बसायचं का?"

तो मोबाईल बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि मशीन उघडलं. कान बाहेर दाबून आमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि खिशात घातल्या. त्याची जुनी पट्टी टेबलाच्या खणात पडली होती. ती टक् वाजेपर्यंत दाबून बसवली.

"काका, दुपारी ऑर्डर आहे. मध्येच अडकेल ते."

"अडकलं तर पहिल्यापासून लाव," मी म्हटलं आणि घरी आलो.